पुढच्या शॉकअपमधले तेल

मोटरसायकलच्या पुढच्या सस्पेन्शनचा इतिहास बहुधा आकारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी सायकलसारखा ताठ फोर्क, मग गर्डर, मग एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा टेलिस्कोपिक फोर्क आणि शेवटी तोच फोर्क उलटा, अशी ती साखळी. आज गाडी वळणावर नेमकी चालावी म्हणून पुढचे शॉकअप बदलायला निघालेला माणूसही याच समजुतीने दुकानात जातो. नळ्या जाड हव्यात, उलट्या हव्यात, जमल्यास सोनेरी हव्यात. मला हा इतिहास चुकीच्या टोकाने धरलेला वाटतो. पुढच्या चाकाला रस्ता धरून ठेवायला शिकवले ते डॅम्पिंगने, म्हणजे स्प्रिंगची हालचाल आवरणाऱ्या तेलाने. आकार बदलत गेले हे खरे, पण जो आकार तेलाला नीट काम करू देत होता तोच टिकला. गेल्या शंभर वर्षांतील जवळजवळ प्रत्येक वळणावर याचा पुरावा सापडतो.

सुरुवात इंग्लंडच्या यॉर्कशरमधील आल्फ्रेड अँगस स्कॉट यांच्यापासून करावी लागते. १९०८ पासूनच्या त्यांच्या गाड्यांना सरकत्या नळ्यांचा, म्हणजे तत्त्वतः टेलिस्कोपिक जातीचा फोर्क होता. ही गाडी कुठे कोपऱ्यात पडून राहिली असेही झाले नाही. १९१२ आणि १९१३ अशी लागोपाठ दोन वर्षे आयल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत स्कॉटने जिंकली. नळ्यांच्या आकारातच जर जादू असती, तर पुढच्या दहा वर्षांत सगळा उद्योग स्कॉटच्या मागे गेला असता. प्रत्यक्षात तो गर्डरकडे गेला आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथेच राहिला. कारण स्प्रिंगचा स्वभाव. खड्ड्यातून आलेला धक्का स्प्रिंग साठवते आणि लगेच परत करते. ती परतफेड आवरायला काही नसेल तर चाक रस्त्यावरून उडते, पुन्हा आपटते, पुन्हा उडते. रस्त्यापासून सुटलेल्या टायरला पकड नसते, आणि पकड नसलेले पुढचे चाक ना वळत ना थांबत. स्कॉटच्या नळ्या सरकत होत्या, पण त्या सरकण्यावर खरा ताबा ठेवणारे त्यांच्यात काही नव्हते.

गर्डर फोर्कमध्ये निदान आवरण्याची सोय होती. चाक धरणारा ताठ सांगाडा वर-खाली चार छोट्या पट्ट्यांवर झुले, मध्ये एक स्प्रिंग असे आणि पट्ट्यांच्या सांध्यात घर्षणाच्या चकत्या बसवलेल्या असत. बाजूला हाताने फिरवायची मूठ. ती घट्ट केली की चकत्या एकमेकींना दाबत आणि हालचाल मंदावे. वेब, ब्रॅम्प्टन आणि ड्रूइड या नावांचे असे फोर्क ब्रिटनच्या बहुतेक नामांकित गाड्यांना बसले. पण घर्षणाचा गुणधर्म इथे हवा त्याच्या नेमका उलटा आहे. कोरडे घर्षण हालचाल सुरू होताना सर्वांत जास्त अडवते आणि एकदा हालचाल सुरू झाली की सैल पडते. त्यामुळे बारीक खडबडीतपणा सरळ हँडलमध्ये येई, आणि मोठा खड्डा आला की ज्या क्षणी आवर हवा त्याच क्षणी चकत्या हार मानत. पाऊस, धूळ, झीज यांनी त्यांचे वागणे रोज बदले ते वेगळेच. तेलाचे वागणे याच्या उलट असते. चाक सावकाश हलले तर ते जवळजवळ वाट देते, झपाट्याने हलले तर जोराने अडवते.

म्हणून माझ्या मते या कथेतले निर्णायक वर्ष १९०८ नव्हे, १९३५ आहे. त्या वर्षी बीएमडब्ल्यूने आर १२ आणि आर १७ या गाड्या तेलाचे डॅम्पिंग असलेल्या टेलिस्कोपिक फोर्कसह विक्रीला आणल्या. अशा गाड्या कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडण्याची ती पहिलीच वेळ. आदल्याच वर्षी डेन्मार्कच्या निंबसनेही सरकत्या नळ्यांचा फोर्क दिला होता, पण त्यात तेलाचा आवर नव्हता, आणि जगाने अनुकरण केले ते बीएमडब्ल्यूचे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की आर १२ चे मागचे चाक तेव्हाही चासीला ताठ जोडलेले होते. सगळी हुशारी आधी पुढे खर्च झाली. १९३९ मध्ये गेओर्ग मायर यांनी सुपरचार्जर लावलेल्या बीएमडब्ल्यूवर सीनियर टीटी जिंकली, तेव्हा ब्रिटिश कारखान्यांना दुर्लक्ष करणे अशक्य झाले. युद्ध सुरू असतानाच, १९४१ मध्ये, मॅचलेसने आपल्या सैनिकी जी ३ एल गाडीला तेलाचा टेलिस्कोपिक फोर्क दिला. युद्ध संपल्यावर नॉर्टनचा ‘रोडहोल्डर’ आला आणि गर्डरचे दिवस भराभर सरले.

इथे पहिला आक्षेप येतो. बीएमडब्ल्यूच्या यशात सुपरचार्जरचा वाटा किती आणि फोर्कचा किती, हे कोण सांगणार? आणि तेलाबरोबर आकारही बदलला असेल, तर श्रेय तेलालाच का? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर टेलिस्कोपिक फोर्कच्या विरोधकांकडेच मिळते. व्हिन्सेंट कंपनीला सरकत्या नळ्या लवचीक आणि अशक्त वाटत. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस तिने सी मालिकेच्या गाड्यांसाठी गर्डरच नव्याने घडवला. घडीव अल्युमिनियम मिश्रधातूचे भक्कम पाय केले, आणि घर्षणाच्या चकत्या काढून तिथे तेलाचा डॅम्पर बसवला. या फोर्कला नावही ‘गर्ड्रॉलिक’ दिले. आकाराच्या बाबतीत ज्यांनी जगाशी भांडण मांडले, त्यांनीसुद्धा तेलाच्या बाबतीत जगाचेच म्हणणे मान्य केले. दुसरे उदाहरण बेलफास्टच्या रेक्स मॅक्कँडलेस यांचे. नॉर्टनला १९५० मध्ये मिळालेली त्यांची ‘फेदरबेड’ चासी ही हँडलिंगच्या इतिहासातली मोठी उडी, आणि त्याच वर्षी जेफ ड्यूक यांनी तिच्यावर सीनियर टीटी जिंकली. तिचे श्रेय चासीच्या नळ्यांच्या सुबक मांडणीला दिले जाते, आणि ते खोटे नाही. पण मॅक्कँडलेस यांच्या प्रयोगांची सुरुवात सिट्रोएन मोटारीचे हायड्रॉलिक शॉक अब्सॉर्बर मोटरसायकलच्या मागे बसवण्यापासून झाली होती. मागचे चाक आवरात आले तेव्हाच पुढच्या फोर्कला आपले काम दाखवता आले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो अभियंते आजही घेतात. भूमितीच्या दृष्टीने टेलिस्कोपिक फोर्क ही चांगली रचना नाही. ब्रेक दाबला की गाडी पुढे वाकते, त्यासरशी हँडलचा कोन आणि ट्रेल (हँडलचा अक्ष जमिनीला जिथे भिडेल तिथपासून टायर टेकण्याच्या जागेपर्यंतचे अंतर) बदलतो, म्हणजे वळणात शिरण्याच्या नाजूक क्षणी गाडीचा स्वभावच बदलतो. शिवाय ब्रेकचा सगळा जोर नळ्यांना वाकवतो आणि वाकलेल्या नळ्या अडकत सरकतात. हे सर्व खरे आहे, आणि त्यावर उपाय शोधले गेले नाहीत असेही नाही. एर्नी अर्ल्स यांचा झुलत्या भुजांचा फोर्क बीएमडब्ल्यूने १९५५ ते १९६९ पर्यंत वापरला. ब्रेकखाली तो वाकत तर नसेच, उलट किंचित वर उठे, आणि साइडकार जोडलेल्या गाडीला तो उत्तम होता. पण त्याचे बरेचसे वजन हँडलच्या अक्षापासून दूर राही, त्यामुळे एकट्या गाडीचे वळणे जड होई. बीएमडब्ल्यू पुन्हा नळ्यांकडे वळली. १९९३ मध्ये तिने आर ११०० आरएसवर टेलिलेव्हर आणला. त्यात नळ्या फक्त चाकाला दिशा देतात, आणि स्प्रिंग व डॅम्पर मध्यभागी वेगळ्या शॉक अब्सॉर्बरमध्ये असतात. त्याच वर्षी यामाहाने जीटीएस १००० ला एका बाजूच्या भुजेवरचे सस्पेन्शन दिले. दौऱ्याच्या गाडीवर टेलिलेव्हर टिकला. पण २००९ मध्ये शर्यतीच्या वकुबाची एस १००० आरआर काढताना खुद्द बीएमडब्ल्यूने साधा टेलिस्कोपिक फोर्कच निवडला.

याचा अर्थ उद्योग सनातनी आहे आणि शर्यतीच्या फॅशनमागे धावतो, असा काढला जातो. थोडे तथ्य त्यात आहे, पण पुरेसे नाही. टेलिस्कोपिक फोर्कमध्ये चाकाचा प्रवास आणि डॅम्परचा प्रवास जवळजवळ एकच असतो. चाक जेवढे हलते तेवढेच तेल हलते. भुजा आणि सांध्यांच्या रचनेत डॅम्परला बहुधा कमी प्रवासात सगळे आटपावे लागते, आणि प्रत्येक सांध्यातली झीज आवरात चूक पेरते. भूमितीत नळ्या हरतात, पण तेलाला त्या लांब, सरळ आणि पुरेशी जागा देतात. भूमितीतले दोष डॅम्पिंग सुधारून बरेच झाकता येतात. डॅम्पिंगचा दोष भूमितीने झाकता येत नाही.

मात्र तेलालाही शिकवावे लागले. जुन्या फोर्कमध्ये तेल ठराविक मापाच्या भोकांतून ढकलले जाते. होळीची पिचकारी हळू दाबली तर सहज सरकते आणि जोराने दाबली तर हाताला दगडासारखी लागते, तसेच इथे घडते, कारण भोकातला विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. भोक मोठे ठेवावे तर ब्रेकखाली गाडी भसकन वाकते, लहान ठेवावे तर तीक्ष्ण खड्ड्यावर फोर्क ताठ होतो. १९६९ ची होंडा सीबी ७५० पुढे डिस्क ब्रेक घेऊन आली आणि तेव्हापासून हा पेच तीव्र झाला. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांनी त्यावर ‘अँटीडाइव्ह’ काढले. ब्रेक दाबताच फोर्कमधली तेलाची वाट अरुंद करायची ही युक्ती. वाकणे कमी झाले, पण ब्रेक मारत असताना खड्डा आला की चाक धक्का घेईचना, आणि दशक संपेपर्यंत ही कल्पना मागे पडली. टिकले ते कार्ट्रिज. त्यात तेल पातळ पोलादी चकत्यांच्या थरांवरून जाते. दाब वाढला की चकत्या वाकतात आणि वाट आपोआप रुंद होते. सावकाश हालचालीला पुरेसा आवर आणि झपाट्याच्या हालचालीला सुटका, अशा दोन विरोधी मागण्या एकाच झडपेने पुऱ्या केल्या. बाहेरून पाहणाऱ्याला या सुधारणेचा मागमूसही लागत नाही. म्हणूनच कदाचित तिला इतिहासात जागा मिळाली नसावी.

भारतात ही गोष्ट वेगळ्या गतीने घडली. बुलेट १९४८ च्या सान रेमो येथील सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत उतरली आणि १९४९ मध्ये बाजारात आली, तेव्हा पुढे तेलाचा टेलिस्कोपिक फोर्क आणि मागे डॅम्परसह स्विंगआर्म असलेली ती काळाच्या पुढची गाडी होती. १९५५ पासून तिची जुळणी मद्रासला होऊ लागली आणि तिचा फोर्क मूळ तत्त्वात पुढची कित्येक दशके तसाच राहिला. याला आळस म्हणण्याआधी एक गोष्ट पाहावी. पुढे ड्रम ब्रेक, अरुंद टायर आणि मर्यादित वेग असताना त्या भोकांच्या फोर्ककडून अधिक मागणारे गाडीत दुसरे काहीच नव्हते. मागणी आली ती शतक पालटताना, सीबीझी आणि पल्सरसारख्या गाड्यांबरोबर डिस्क ब्रेक रुळला तेव्हा. २०१२ मध्ये चाकणच्या कारखान्यातून केटीएमची ड्यूक २०० बाहेर पडली. तिला ४३ मिलिमीटरचा उलटा फोर्क होता, आणि सामान्य तरुणाच्या आवाक्यातल्या गाडीवर तो पहिल्यांदाच दिसू लागला. मराठवाड्यात, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून देशभरच्या मोटरसायकलींना फोर्क पुरवले जातात. पुढचे चाक आवरण्याची ही विद्या आज महाराष्ट्राच्या कारखान्यांत रोजचे काम झाली आहे.

उलट्या फोर्कचे समर्थक इथे म्हणतील की ड्यूकचे हँडलिंग त्या जाड नळ्यांमुळेच आहे. जाडीचे महत्त्व मी नाकारत नाही. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतो, आणि उलट्या फोर्कमध्ये जाड भाग वर, टीच्या (दोन्ही नळ्या हँडलच्या अक्षाशी जोडणाऱ्या भागाच्या) पकडीत येतो, जिथे वाकवणारा जोर सर्वांत जास्त असतो. वाकणारी नळी अडकत सरकते, आणि अडकली की तेलापर्यंत हालचाल पोहोचतच नाही. म्हणजे ताठपणाचे पहिले मोल हे की तो डॅम्परला काम करू देतो. पण जुन्या बुलेटच्या किंवा पल्सरच्या पुढे दुसऱ्या गाडीचा उलटा फोर्क चढवला जातो तेव्हा नेमके हेच निसटते. फोर्कची लांबी आणि टीचा ऑफसेट वेगळा असल्याने ट्रेल बदलतो, आतली स्प्रिंग दुसऱ्या वजनाच्या गाडीसाठी निवडलेली असते, आणि डॅम्पिंग त्या स्प्रिंगसाठी. बाहेरून गाडी शर्यतीची दिसते, पण पुढच्या चाकाचा आवर मूळ फोर्कपेक्षाही वाईट होऊ शकतो. त्याउलट त्याच जुन्या फोर्कमधले काळे पडलेले तेल बदलणे, त्याची पातळी दोन्ही पायांत मोजून सारखी ठेवणे, स्वाराच्या वजनाला साजेशी स्प्रिंग घालणे आणि भोकांवर चकत्यांच्या झडपेचे काम करणारा इम्युलेटर बसवणे, हे सगळे मिळूनही नव्या फोर्कपेक्षा बरेच स्वस्त पडते. इम्युलेटर म्हणजे कार्ट्रिजची अक्कल जुन्या नळीत उतरवणारा छोटा भाग. तेल बदलल्यावर घाटातल्या वळणात ब्रेक सोडताना पुढचे टोक उसळत नाही आणि हँडल थरथरत नाही, एवढा फरक स्वाराला तिथल्या तिथे कळतो.

आणि ज्यांना नवी गाडीच घ्यायची आहे त्यांच्यासाठी कारखान्यांनीही दिशा स्पष्ट केली आहे. २०२४ च्या ड्यूक ३९० ला फोर्कच्या वरच्या टोकांवर दोन खुंट्या आहेत. एका पायात दबण्याचा आवर, दुसऱ्यात उसळण्याचा. नळीचा व्यास २०१२ च्या ड्यूक २०० चा होता तोच, ४३ मिलिमीटर.