न वितळणाऱ्या बर्फाचा द्रवणांक

कार्बन डायऑक्साइडचा द्रवणांक कोष्टकात उणे ५६.६ अंश सेल्सिअस असा दिलेला असतो. पण आइस्क्रीमच्या खोक्यातला ड्राय आइस, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशांनाच थेट वायू होऊन उडून जातो. तळाशी ओलसुद्धा राहत नाही. जो वितळतच नाही त्याला द्रवणांक कसला?

हा वायू आधी द्रव झाला आणि मग घन. १८२३ साली लंडनमध्ये मायकेल फॅरेडेने जाड काचेच्या बंद नळीत त्याचा द्रव मिळवला, पण अगदी थोडा. पॅरिसच्या तिलोरिएला तो भरपूर हवा होता. त्याने बिडाच्या जाड नळकांड्यात खाण्याचा सोडा आणि गंधकाम्ल कोंडलं. आत सुटणाऱ्या वायूला पसरायला जागाच नाही, त्यामुळे तो स्वतःच्याच दाबाखाली द्रव होई. १८३५ मध्ये त्याने त्या द्रवाचा फवारा बाहेर सोडला, तर समोर पांढरा भुसभुशीत बर्फ जमला! थोडा द्रव क्षणात वायू झाला, त्याला लागणारी उष्णता त्याने उरलेल्या द्रवातूनच ओढली आणि तो गोठला.

पण हा जिवाशी खेळ होता. साध्या खोलीच्या तापमानाला या द्रवाचा दाब हवेच्या पन्नासपटीहून अधिक भरतो, आणि बीड पडलं ठिसूळ, वाकायच्या आधी तडकणारं. डिसेंबर १८४० मध्ये पॅरिसच्या औषधनिर्माण विद्यालयात असंच नळकांडं फुटलं आणि ते हाताळणारा एर्वी प्राणाला मुकला.

द्रव टिकायला हवेच्या दाबाच्या निदान ५.१ पट दाब लागतो. उणे ५६.६ हा आकडा त्या दाबाचा. चांगली कोष्टकं ही अट सोबत छापतात. बाकीची नुसता आकडा ठोकून मोकळी होतात, आणि विद्यार्थी तो पाठ करतात.

व्यापाराला मात्र न वितळणंच हवं होतं. १९२५ च्या सुमारास अमेरिकेत ‘ड्राय आइस’ या व्यापारी नावाने हा बर्फ विकला जाऊ लागला. पाण्याच्या बर्फापेक्षा किलोमागे उष्णता जास्त शोषतो, शिवाय खोकं भिजत नाही.

वितळताना पाहायचाच असेल, तर प्रयोगशाळेत शिक्षक प्लॅस्टिकच्या मऊ ड्रॉपरमध्ये त्याचा चुरा भरतात, तोंड पकडीने आवळून धरतात आणि फुगा पाण्यात बुडवतात. दाब चढतो, चुरा पाझरतो, आत खरोखरचा द्रव हेलकावतो. पकड सैल केली की फस्स आवाज होतो आणि आत पुन्हा पांढरा चुरा.