उत्तर छपरात होते : प्लेग, उंदीर आणि परळची सहा घरे

१/
अंबरनाथ पूर्वेहून निघालेली लोकल कल्याणला पोहोचते, डबा भरतो आणि आपण खिडकीबाहेर पाहणे सोडून देतो. सव्वाशे वर्षांपूर्वी याच कल्याण स्थानकावर मुंबईहून येणाऱ्या प्रवाशांना उतरवून तपासले जात असे. काखेत, जांघेत, मानेत गाठ आहे का, हे चाचपून पाहिले जाई. बायकाही यातून सुटत नसत. सारा शोध माणसाच्या शरीरावर चालला होता. उत्तर मात्र घराच्या छपरात होते. आजचा थ्रेड त्या उत्तराविषयी.

२/
सप्टेंबर १८९६. मुंबई बंदरालगतच्या मांडवी भागात तापाने माणसे मरू लागली. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची वस्ती. माणसांच्या आधी तिथे उंदीर मेले होते. ते पाहिले अनेकांनी, पण त्याचा अर्थ लावण्याची पद्धत अजून कोणाकडे नव्हती.

३/
४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. घरझडत्या सुरू झाल्या, रोग्यांना उचलून नेले जाऊ लागले, सामान जाळले गेले, गटारांत जंतुनाशके ओतली गेली. १० मार्चला रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. हा भाग आपण शाळेत शिकतो. त्याच काळात चाललेला प्राण्यांचा अभ्यास सहसा शिकत नाही.

४/
‘उंदीर पडू लागले’ हे शब्द आपल्या पणजी-पणजोबांच्या पिढीला पुरेसे होते. घरात मेलेला उंदीर दिसला की गाव सोडायचे आणि माळावर झोपड्या बांधून राहायचे. हे निरीक्षण त्याहूनही जुने आहे. जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तातही साथीच्या काळात झिंगल्यासारखा पडत-उठत चालणाऱ्या उंदराची हकीकत येते. उंदीर आणि साथ यांचे नाते लोकांना ठाऊक होते. प्रश्न इतकाच होता की, उंदराचा रोग माणसापर्यंत येतो कसा?

५/
१८९८ च्या जून महिन्यात कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने एक साधा प्रयोग केला. पिसवा असलेला आजारी उंदीर काचेच्या मोठ्या भांड्यात ठेवला. तो मरण्याच्या बेतात असताना जाळीच्या पिंजऱ्यातला निरोगी उंदीर आत सोडला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते. पिसवांना मात्र जाळीची अडचण नव्हती. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला.

६/
सिमाँचे म्हणणे मान्य झाले नाही. त्याच सुमारास काम करणाऱ्या भारतीय प्लेग आयोगाने रक्त शोषणाऱ्या कीटकांना या साथीत महत्त्व देण्याचे नाकारले. युरोपातल्या काही शास्त्रज्ञांचा आक्षेप असा, की उंदरावरची पिसू माणसाला चावतच नाही. त्यांच्याकडच्या उंदरांवरील पिसवांपुरते ते बरेचसे खरेही होते. पण इथली पिसू वेगळ्या जातीची होती. १९०३ मध्ये चार्ल्स रॉथशील्डने तिचे वर्णन करून तिला ‘किऑप्स’ या इजिप्तच्या फेरोचे नाव दिले. जात न ओळखता काढलेला निष्कर्ष किती महागात पडतो, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

७/
आता परळला येऊ. तिथल्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून हाफकिन यांची प्रयोगशाळा होती. तिथे काम करणाऱ्या डब्ल्यू. ग्लेन लिस्टन यांनी एक सोपी युक्ती योजली. प्लेग झालेल्या घरांत त्यांनी गिनीपिग मोकळे सोडले. उपाशी पिसवा त्यांच्या अंगावर गोळा झाल्या. १९०४ च्या अखेरीस लिस्टन यांनी हे निष्कर्ष बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसमोर मांडले. प्लेगचे कोडे वैद्यकाइतकेच प्राणिशास्त्राचे आहे, हे यातून दिसते.

८/
१९०५ मध्ये नवे संशोधन पथक आले आणि परळच्या आवारात सहा छोटी घरे बांधली गेली. फरक मुख्यतः छपरांचा होता : दोन घरांवर साधी देशी कौले, दोनांवर मंगळुरी कौले, दोनांवर पत्रे. देशी कौलांत उंदीर सुखाने राहत, पत्र्याखाली त्यांना थारा नव्हता. छपराखाली तारेची जाळी बसवली होती. उंदीर आणि त्यांच्या लेंड्या तिच्यातून खाली येऊ शकत नव्हत्या, पिसवा मात्र येत.

९/
मग घरांत प्लेगची लागण केलेले आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले. जिथे पिसवा होत्या तिथे रोग पसरला. जिथे पिसवा नव्हत्या तिथे घाण असूनही, शेजार असूनही पसरला नाही. पुढे पिंजरे टांगून पाहिले. जमिनीपासून दोन इंचांवरचा गिनीपिग सापडला, दोन फुटांवरचा वाचला, कारण पिसवेची उडी तिथवर पोहोचत नाही. रोगाची वाट एका कीटकाच्या उडीने मोजली गेली.

१०/
उंदरांच्या जातींचाही हिशेब लागला. गटारांतल्या तपकिरी उंदरांत साथ आधी येई. साधारण दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. काळा उंदीर माणसाच्या अगदी निकट राहतो. तो मेला, अंग थंड पडले की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरे ऊबदार शरीर शोधतात. ‘उंदीर पडले, गाव सोडा’ या शहाणपणामागची यंत्रणा ही होती.

११/
शेवटचा दुवा १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेत सापडला. आर्थर बॅकॉट आणि चार्ल्स मार्टिन यांनी पिसवेच्या पोटात डोकावून पाहिले. प्लेगचे जंतू वाढून तिच्या जठराच्या तोंडाशी बोळा बसतो. शोषलेले रक्त पोटात उतरत नाही. भूक भागत नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते आणि अडलेले रक्त जंतूंसह जखमेत परत जाते. म्हणजे साथ पसरवणारी पिसू स्वतःही उपासमारीने मरत असते.

१२/
या रोगाने तीन दशकांत भारतात एक कोटीहून अधिक माणसे नेली. सरकारकडे कायदा होता, सैनिक होते, स्थानकांवर डॉक्टर होते. सुरुवातीच्या वर्षांत नव्हती ती छपरातल्या प्राण्याकडे पाहण्याची सवड आणि त्याच्याविषयी बोलणाऱ्या लोकांवरचा विश्वास. परळच्या सहा घरांनी जे सिद्ध केले, त्याचा अर्धा भाग गावोगावच्या माणसांना आधीच ठाऊक होता. उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र प्रयोगच लागला. इतिहास वाचताना या दोन्ही गोष्टी एकत्र धरायला हव्यात.

१३/
तुमच्या घरी कोणी जुने माणूस असेल, तर ‘उंदीर पडणे’ म्हणजे काय, हे एकदा विचारा. माळावरच्या झोपड्यांची एखादी आठवण निघाली, तर इथे जरूर लिहा. कागदावर न आलेला इतिहास असाच हाती लागतो.