लखुजी जाधवराव : निष्ठांतर आणि घराण्याची परवड

प्रस्तावना :
जाफराबादपासून जवळच, आजच्या बुलढाणा जिल्ह्यात असलेले सिंदखेडराजा जिजाबाईंचे जन्मस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. त्यांचे पिता लखुजी जाधवराव यांच्यावर मात्र वारंवार पक्ष बदलणारा सरदार असा शिक्का बसला. हे निष्ठांतर घराण्याच्या हिताच्या संदर्भात तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वतन आणि मनसब :
देवगिरीच्या यादवांशी नाते सांगणाऱ्या या घराण्याकडे सिंदखेडची देशमुखी होती. लखुजी निजामशाहीतील मातब्बर सरदार होते. सुमारे 1621 मध्ये ते मोगलांना मिळाले. पुत्रपौत्रांसह या कुटुंबास एकूण 24 हजार जात व 15 हजार स्वारांची मनसब लाभल्याचे 'बादशाहनामा' सांगतो. मनसब एकट्या लखुजींची नव्हती, संपूर्ण कुटुंबाची होती, हे येथे लक्षणीय आहे. धनी बदलला तरी वतन व कुटुंब एकत्र राखणे हा त्यामागील हेतू दिसतो.

याची किंमत नात्यांना मोजावी लागली. बखरींतील खंडागळे हत्तीच्या प्रसंगात लखुजींचे पुत्र दत्ताजी व शहाजीराजांचे चुलतबंधू संभाजी मारले गेले. 1624 च्या भातवडीच्या लढाईत लखुजी मोगलांकडून, तर जावई शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने उभे होते. जिजाबाईंचे माहेर व सासर असे परस्परविरोधी छावण्यांत विभागले गेले.

दौलताबादची हत्या :
पुढे लखुजी निजामशाहीत परतले. परंतु गमावलेला विश्वास परत मिळाला नाही. 25 जुलै 1629 रोजी दौलताबाद येथे निजामशहाने लखुजी, पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या करविली. पत्नी, बंधू जगदेवराव व पुत्र बहादूरजी सिंदखेडला निसटले व मोगलांच्या आश्रयास गेले. या हत्येनंतर शहाजीराजांनीही निजामशाही सोडली. 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, तेव्हा जिजाबाईंच्या पितृवियोगास सात महिनेही झाले नव्हते.

समारोप :
अचलोजींच्या वंशातील धनाजी जाधव मराठ्यांचे सेनापती झाले. त्यांचे पुत्र चंद्रसेन मात्र 1711 मध्ये शाहू महाराजांचा पक्ष सोडून गेले. सरदाराचा आधार वतन आणि वतनाची शाश्वती धन्याच्या मर्जीवर, या व्यवस्थेत बंड हा अपवाद नव्हता. ज्या कुटुंबाच्या रक्षणासाठी लखुजींनी पक्ष बदलले, त्याच कुटुंबातील तीन पिढ्या एका दिवशी संपल्या. स्वराज्याच्या उभारणीत जिजाबाईंची भूमिका अभ्यासताना हा अनुभव दुर्लक्षिता येणार नाही.