पोरक्या लेकराचं घर

१८९६-९७च्या दुष्काळाने मध्य प्रांताची दैना केली; भंडारा तेव्हा त्याच प्रांतातला जिल्हा. पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-विधवांना पुण्याकडे घेऊन आल्या. पुढे त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनाला परदेशी देणगीदारांनी हात दिला. त्या पैशाने जीव वाचले, हे ऋण मोठंच. पण मदत संस्थेच्या दारी होती, म्हणून लेकराला गाव, बोली, गोतावळा सोडून तिथवर जावं लागे.

खरा बदल झाला तो पैसाच लेकराच्या घरी जाऊ लागला तेव्हा. महाराष्ट्र राज्याची बालसंगोपन योजना मुलाला नातलगांकडे ठेवून दरमहा रक्कम देते. २०२३मध्ये ती २,२५० रुपये झाली. आज भंडाऱ्यात धानाच्या रोवणीला मजुरीवर जाणाऱ्या आजीला त्यातून नातवाच्या वह्या, चपला, तापातली औषधं भागवता येतात. नातलगच पैसे खातील, असा आक्षेप घेतला जातो. ही भीती निराधार नाही. पण त्यावरचा उपाय नियमित गृहभेटी आणि बालकल्याण समितीचा आढावा हा आहे, मूल उचलून संस्थेत घालणं नव्हे. २०१५च्या बालन्याय कायद्यानेही संस्था हा शेवटचाच पर्याय मानला आहे. मात्र हप्ते महिनोन्महिने रखडले, तर आजीला उधारी करावी लागते आणि घरात वसतिगृहाची भाषा पुन्हा सुरू होते.