क्लिनिकल ट्रायल खरी की खोटी? मोबाईलवरच तपासा

मागच्या महिन्यात आत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: शुगरच्या नव्या औषधाची ट्रायल, नोंदणी फी ५०० रुपये. आत्या पैसे पाठवणारच होती. मी म्हटलं, थांब जरा, आधी बघू दे.

तर मित्रांनो, भारतात औषधाची चाचणी सुरू करण्याआधी ती सीटीआरआय या सरकारी रजिस्ट्रीत नोंदवावी लागते. ही रजिस्ट्री आयसीएमआरने २००७ मध्ये सुरू केली आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. वेबसाइट कोणीही पाहू शकतं. मोबाईलवर ती जरा किचकट दिसते, म्हणून फोन आडवा धरा. आजाराचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून शोधा. क्रमांकात सीटीआरआय, वर्ष, महिना आणि शेवटी आकडा असतो. चाचणी कुठल्या हॉस्पिटलात आहे, कोणत्या टप्प्यात आहे, कोणत्या वयाचे रुग्ण घेणार, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, हे सगळं तिथे दिसतं.

नोंद सापडली म्हणजे औषध गुणकारी ठरलं असं मात्र नाही. तेच तर तपासायचं असतं! काही चाचण्यांत अर्ध्या लोकांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी मिळते, आणि कोणाला काय मिळालं हे रुग्णाला कळत नाही. संमतिपत्र आपल्याला समजेल अशा भाषेत मागा, सही केल्यावर प्रत घ्या. मधूनच बाहेर पडायचा हक्क आहे. चाचणीमुळे इजा झाली तर २०१९ च्या नियमांनुसार उपचार मोफत मिळतात.

आणि भाग घ्यायला फी? मला तिथेच शंका आली होती. आत्याने नोंदणी क्रमांक विचारला, तर समोरच्याने तिला ब्लॉकच केलं.