हुकूम नाचणाऱ्याचा

फ्लामेंको ही रक्तातून येणारी कला आहे, ती शिकवता येत नाही, असं स्पेनच्या अँडालूसिया प्रांतात आजही छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ग्रॅनडाच्या साक्रोमोंते टेकडीवरच्या गुहा आणि तिथली हितानो, म्हणजे स्पॅनिश रोमा कुटुंबं हे त्यांचं मुख्य उदाहरण. तिथली मुलं आजी-मावश्यांचं पाहत पाहत नाचू लागली, हे खरंच आहे. पण हा नाच घराइतकाच शिकवणीच्या खोल्यांतही घडला. फी भरून आलेल्या, सुरुवातीला अंग चोरून उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा त्यात मोठा वाटा आहे आणि तो मान त्यांना मिळायलाच हवा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सेविया शहरात नृत्याच्या अकादमी जोरात होत्या. मिगेल आणि मानुएल दे ला बारेरा यांचे दिवाणखाने त्यांत नावाजलेले. तिथे मुख्यतः ‘एस्कुएला बोलेरा’ शिकवली जाई. हातात कॅस्टनेट, पायांत बॅलेची शिस्त. युरोपभरातून आलेल्या प्रवाशांना ‘अस्सल’ नाच बघायची हौस असे, म्हणून मास्तर ‘जाहीर तालमी’ ठेवत आणि वर्तमानपत्रांत जाहिराती देत. हितानो कलावंतही तिथे येऊन गात-नाचत. १८६२ साली स्पेन फिरणाऱ्या बॅरन दाविलिए यांनी सेवियातल्या अशा जलशाचं वर्णन लिहून ठेवलं, तर सोबतच्या गुस्ताव दोरे यांनी त्या प्रवासाची चित्रं काढली. तालीम आणि प्रयोग यांच्यात तेव्हा भिंतच नव्हती. शिकाऊ मुलगी चुकायची तीही परक्या माणसांच्या देखत.

पुढे ‘काफे कांतांते’ आले, म्हणजे गाण्या-नाचाचे कॅफे. सिल्वेरिओ फ्रांकोनेत्ती या गायकाने १८८१ मध्ये सेवियात आपला कॅफे थाटला. हेरेसची हुआना वार्गास, म्हणजेच ‘ला माकार्रोना’, अशाच कॅफेंमधून नावारूपाला आली आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात जाऊन नाचली. कॅफेत रोजंदारीवर नाचणाऱ्यांचा धंदा होता आणि अकादमीत चांगल्या घरच्या मुली सेवियानास हा नाच शिकत. या दोन्ही जगांत वावरलेले मास्तर म्हणजे होसे ओतेरो. १९१२ साली त्यांनी नृत्यांवरचा ग्रंथच छापला, पावलं कशी टाकायची इथपासून त्या नाचांच्या इतिहासापर्यंत. पुढच्या पिढीत ‘रेआलितो’ या मास्तरांच्या वर्गातून अंतोनिओ आणि रोसारिओ ही बालजोडी बाहेर पडली. १९३७ साली ती अमेरिका खंडात गेली आणि परतली तेव्हा १९४९ उजाडलं होतं. तोवर अंतोनिओ तिकडे चांगलाच गाजला होता.

या मालिकेतला सगळ्यात विलक्षण मास्तर मात्र एन्रिके एल कोहो. १९१२ साली कासेरेसमध्ये जन्मलेला, लहानपणापासून एका पायाने अधू. पुढे स्थूल झाला, डोक्यावर टक्कल पडलं. त्याचं टोपणनावच ‘लंगडा’ असं होतं आणि सेविया त्याला त्याच नावाने ओळखत असे. असा माणूस नाचाचा गुरू होतो, हे कुणाला खरं वाटावं? पण त्याचे खांदे, मनगटं आणि डोक्यामागून हळूच खाली येणारे हात पाहिले की पायाकडे लक्ष जात नसे. मानुएला वार्गास, क्रिस्तिना ओयोस यांच्यासारख्या नर्तकी त्याच्याकडे शिकल्या. अल्बाच्या डचेसनेही त्याच्याकडे धडे घेतले. आपलं शरीर नाचायला योग्य नाही, ही विद्यार्थ्याची पहिली सबब. त्या वर्गात ती कोण कोणत्या तोंडाने सांगणार?

माद्रिदमध्ये १९५० च्या दशकात अंतोनिओच्याच पुढाकाराने ‘आमोर दे दिओस’ ही तालीमशाळा सुरू झाली, त्याच नावाच्या रस्त्यावर. तासावर भाड्याने मिळणाऱ्या खोल्या, पातळ भिंती, शेजारच्या खोलीतला पदन्यास इकडे ऐकू येई. नावाजलेल्या मंडळ्यांची तालीम आणि नवशिक्यांचा वर्ग एकाच छपराखाली चालत. पुढे ही शाळा आंतोन मार्तीन मंडईच्या वरच्या मजल्यावर भरू लागली. खाली मासे-भाजीची गिऱ्हाइकं, वर बुटांच्या टोकाला आणि टाचेला ठोकलेल्या बारीक खिळ्यांचा खणखणाट.

वर्गात नेमकं काय शिकवतात, ते ‘सोलेआ’ या प्रकारात नीट दिसतं. तिचं आवर्तन बारा ठोक्यांचं आणि जोर ३, ६, ८, १०, १२ वर. आपला एकतालही बारा मात्रांचा, पण त्यात सम पहिल्या मात्रेवर; सोलेआत वजन शेवटाकडे सरकतं आणि तोडा बहुधा दहाव्या ठोक्यावर बंद होतो. गायक गात असताना नाचणारीने पाय आवरायचे, फक्त ताल धरून अंगाने साथ द्यायची. मग येते ‘यामादा’, म्हणजे पुकारा. ठरावीक पदन्यासाने ती गिटारवाल्याला आणि गायकाला कळवते की आता इथे थांबा, आता गायला सुरुवात करा, आता लय वाढवा.

विद्यार्थ्याची खरी परीक्षा इथेच होते. कवायत पाठ असते, पाय तयार असतात, पण पुकारा गुळमुळीत निघतो आणि गिटारवाला वाजवतच राहतो. वय, नाव, अनुभव यांत आपल्याहून थोर असलेल्या वादकाला पायाने हुकूम द्यायचा, हे लाजऱ्या माणसाला सहज जमत नाही. म्हणून मुरलेले शिक्षक गिटारवाल्याला वर्गातच आणून बसवतात. पुकारा स्पष्ट असेल तर वादक त्याच क्षणी थांबतो. शाबासकीची वाट बघावी लागत नाही, उत्तर तिथल्या तिथे मिळतं. फ्लामेंको शिकणाऱ्यांची मान हळूहळू वर येते ती बहुतेक यामुळेच.

अकादमीवर टीकाही होत आली आहे: सगळ्या मुली सारख्याच नाचतात, आरशात बघून नाचतात. ती अगदी खोटी नाही. पण घराणं आणि शाळा यांच्यातली रेघ वाटते तितकी ठळक नाही. सेवियाच्या एल फारुकोने हितानो घराण्याचा नाच शाळा काढून शिकवला आणि त्याचा नातू फारुकितो त्याच तालमीत वाढला. अंतोनिओ गादेस, मारिओ माया, एल ग्युइतो हे तिघेही नर्तक पिलार लोपेस या नर्तकीच्या मंडळीत काम करता करता घडले. १९८३ मध्ये दिग्दर्शक कार्लोस साउराचा ‘कारमेन’ आला. गादेस आणि ओयोस यांचा तो चित्रपट बघून जगभरातून विद्यार्थी निघाले, जपानमधून तर झुंडीने.

त्यांतले बरेच अँडालूसियातल्या हेरेस गावी पोहोचतात. तिथे १९९७ पासून दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीला फ्लामेंकोचा महोत्सव भरतो. रात्री व्हियामार्ता नाट्यगृहात प्रयोग, दिवसभर गावात वर्ग. या गावची खासियत म्हणजे ‘बुलेरिआ’. कोंडाळं करून सगळे टाळ्या देतात आणि एकेक जण मध्ये येऊन थोडकंच नाचून जातो. कोंडाळ्यात पाऊल कधी टाकायचं, गायकाची ओळ संपेपर्यंत कसं थांबायचं, पुकारा कुठे द्यायचा आणि पुढच्यासाठी जागा करून बाहेर कसं पडायचं, एवढ्याचसाठी हेरेसमध्ये शिकवण्या चालतात. त्यांत विशीतली पोरं असतात आणि साठी ओलांडलेल्या बायकाही.