बिनतारी आपत्संदेशांतील शब्दशिस्त

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण शहर वेढले, तेव्हा वीज व दूरध्वनी यांची व्यवस्था कोलमडली. अशा प्रसंगी त्याच तालुक्यातील सावर्ड्याहून ‘पाणी नाही’ एवढाच संदेश निघाला, असे समजू. पूर आलेला नाही, की पिण्यास पाणी नाही? दोन्ही अर्थ शुद्ध मराठीच होत. हौशी बिनतारी संदेशनाच्या इतिहासाकडे या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहणे उद्बोधक ठरते.

तारेच्या काळी संदेशाच्या शिरोभागी शब्दसंख्या देत. घेणारा शब्द मोजून पाही व उणा आढळल्यास पुन्हा मागवी. हौशी मंडळींनी हीच रीत उचलली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी केंद्रांनी संदेशवहनास हातभार लावला. अंकीय पद्धतीत ही मोजदाद यंत्राकडे गेली. एएक्स.२५ या संकेतपद्धतीत प्रत्येक संदेशखंडाबरोबर पडताळणीचा अंक जातो. तो न जुळल्यास खंड टाकून दिला जातो, आणि केंद्रे परस्परांशी जोडलेली असल्यास पुन्हा धाडला जातो.

परंतु यंत्र अक्षरांची शुद्धता राखते, अर्थाची नव्हे. म्हणून जुने नियम अद्याप टिकून आहेत: प्रथम ऐकावे, मग प्रक्षेपण करावे, संदेशास क्रमांक, निकड, स्थळ व वेळ जोडावी, मूळ शब्द परस्पर बदलू नयेत, संशय आल्यास संदेशकर्त्यासच विचारावे, पोच मिळेतो काम संपले असे मानू नये. ‘पिण्याचे’ हा एक शब्द अधिक घालण्यास क्षणही पुरतो. तो गळल्यास सावर्ड्याची मदत दुसऱ्या गावी जाईल.